भडका

रविवारच्या ट्रेकसाठी रुचिराने गॅसच्या छोट्या डब्यावर बसणारा, मुठीएवढा स्टोव्ह मागवला होता. लग्न होऊन कांजूरमार्गच्या या घरात येऊन तिला जेमतेम तीन महिने झाले होते. दुपारी सासूबाई पडल्यात असं बघून तिने तो ओट्यावर पेटवला, आणि वर चहाचं भांडं ठेवायला गेली तर डबाच कलंडला. निळी ज्योत पिवळी होऊन हातभर उसळली. रुचिराची बोबडी वळली, चावी बंद करायचंही तिला सुचेना.

विमलाबाई आतून धावत आल्या. त्यांनी सुनेला मागे खेचलं, ओल्या फडक्याने धरून चावी बंद केली आणि मग तिचे हात, केस, ओढणी पुन्हा पुन्हा चाचपत राहिल्या.

"आई, मला काही नाही झालं. स्टोव्ह जरा भडकला, एवढंच."

ते ऐकताच विमलाबाई मटकन खाली बसल्या.

"असं परत बोलू नकोस. माझी थोरली जाऊ भाजून गेली, तेव्हा पोलिसांना मी हेच सांगितलं होतं."

"अपघातच ना तो, आई?" रुचिराने घाबरत विचारलं.

बाहेर हॉलमध्ये सासरे टीव्ही बघत होते. तिकडे एकदा बघून विमलाबाईंनी आवाज अगदी खाली आणला.



"तेव्हा आमच्या घरात स्टोव्हच नव्हता गं."