असल खीळ

विठ्ठलरावांनी खोका ऐरणीवर ठेवला. कडूबाईने तो उचलून खाली मातीत ठेवला. लोहाराच्या ऐरणीवर परकी वस्तू ठेवत नाहीत, हे त्यांनाही ठाऊक होतं.

तिच्या बापाचं, आसाराम लोहाराचं, तेरावं काल झालं होतं. आज भट्टी पहिल्यांदा पेटली होती. बोथट फाळ शेवटून, धार करून घ्यायला आलेली चार माणसं लिंबाखाली बसली होती. समोर विठ्ठलराव मालकांची मोटार उभी होती. ती ओढून आणणारे बैल सोडून बाजूला बांधले होते.

"हैदराबादेहून मागवलीय," विठ्ठलराव सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "असल कंपनीची खीळ. ब्रेकला तेवढी बसवून दे. देशी खिळीनं घात केला. जुम्म्याला निजाम सरकारचे तालुकदार साहेब यायलेत."

"हातानं घडवली अन् त्याच्याच जिवावर उठली," लिंबाखालून आप्पा म्हणाला. "आसारामचं नशीब, दुसरं काय."

गेले तेरा दिवस कडूबाई हेच ऐकत होती. नारायणगडाच्या उतारावर ब्रेकची खीळ तुटली. मोटार सुटली. चाकाला दगड लावायला सोबत बसलेला आसाराम उडी टाकून उतरला आणि चाकाखाली गेला. मोटार थांबली.

ती पदर खोचून मोटारीखाली शिरली. तुटक्या खिळीचा तुकडा अजून भोकातच होता. सांडशीने ओढून काढला, पदराने पुसला. डोक्यावर इंग्रजी अक्षरं होती. तिला ती वाचता येत नव्हती. पण बापाने घडवलेल्या वस्तूवर अक्षरं नसत. तीन टिंबं असत.

तिने खोका उघडला. नव्या खिळीवरही तीच अक्षरं. मग ती खोपटात गेली आणि बापाच्या डब्यात हात घातला. तळाशी बोटाएवढी खीळ होती, तेल लावून चिंधीत गुंडाळलेली. डोक्यावर तीन टिंबं.

"बंकट," तिने मोटार चालवणाऱ्याला विचारलं, "बापाची खीळ कवा काढली?"

बंकटने मान खाली घातली. "पोळ्याच्या आदी. तालुकदार साहेबाचा डायवर खाली वाकून देशी खीळ बघून हसला व्हता. आसारामदादा लई सांगायलता, भोक झिजलंय मालक, कंपनीची खीळ नव्या मोटारीच्या मापाची हाय, ह्यात खडखड करंल अन् तुटंल. पण मालकाचा हुकूम—"

"तोंड सांभाळ बे," विठ्ठलराव म्हणाले.

लिंबाखालची माणसं जमिनीकडे पाहू लागली. विठ्ठलराव भट्टीजवळ आले. आवाज उतरला होता.

"झालं ते झालं, कडे. तुज्या बापाचीच बसव. फकत डोक्यावरची टिंबं घासून काढ अन् ही अक्षरं ठोकून दे. छिन्नी हाय न तुज्याजवळ?"

"ठोकते," कडूबाई म्हणाली. "आदी ह्या चौघांम्होरं सांगा, तुटली ती कंपनीची म्हणून."

"मी मागवलेली वस्तू तुटली म्हणून मीच सांगू?"

"व्हय."

"तुज्या बापाला आता काय फरक पडायलाय?" तिने छिन्नीला हात लावला नाही, तेव्हा ते म्हणाले, "नावासारखीच हायस."

कडूबाईने बापाची खीळ पुन्हा चिंधीत गुंडाळली आणि कमरेला खोचली. खोक्यातली नवी खीळ घेऊन ती मोटारीखाली शिरली. खीळ बसवली, तार पिळून पक्की केली. बाहेर येऊन तिने ब्रेकची दांडी धरून हलवली. आत खीळ वाजली. लिंबाखालीसुद्धा ऐकू गेली.

"बसवली, मालक," ती म्हणाली. "असल हाय. बसा."

विठ्ठलराव दारापाशी गेले. दाराला हात लावला. बंकटकडे पाहिलं. बंकट मोटार चालू करायच्या हँडलला हात लावायला तयार नव्हता.

"बैल जुंपा," विठ्ठलराव म्हणाले.

"कावून?" आप्पाने विचारलं. "ब्रेक तर झाला न नीट?"

बैल जुंपले. बंकट आत स्टेअरिंगवर हात ठेवून बसला.

"मालक, तुमी?"

"चल तू. पाय मोकळे करतो जरा."

आप्पाने मांडीवरचा फाळ उलटा केला. आसारामने मागच्या साली घडवून दिलेला. त्यावरच्या टिंबांवरून तो बराच वेळ अंगठा फिरवत राहिला.

आसारामच्या मयताला विठ्ठलराव आले नव्हते. आज मोटार पुढे आणि ते मागे, वेशीपर्यंत चालत गेले. खड्डा आला की खीळ वाजायची. ते थबकायचे, मग आणखी दोन पावलं मागे राहून चालायचे.