केशरबाईची गाठ

"वाचलं का रे अकरावं?" पिराजींनी फोन कानाला घट्ट लावून विचारलं.

"वाचलं की आबा," पुण्याहून प्रसेनजित म्हणाला. "भाषा लई ओघवती. शेवट तर चटका लावतो. तुमचं काय मत?"

पिराजी खुलले. बोलत सुटले. खाटेजवळ शेंगा फोडत बसलेली श्रावस्ती ऐकत होती. आबा ज्याच्यावर एवढं भरभरून बोलत होते ते पुस्तक तिनंच त्यांना वाचून दाखवलं होतं. भावाला मात्र हे कळू द्यायचं नव्हतं.

काचबिंदूनं पिराजींची नजर जवळजवळ गेली होती. गेलेली परत येणार नाही, असं सोलापूरच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पावसाळ्यातल्या वर्षावासात बुद्धविहारात ग्रंथ वाचायचा मान दरवर्षी पिराजी मास्तरांचा. यंदा त्यांनी घसा बसल्याचं निमित्त केलं. पोराला तर अवाक्षर सांगायचं नाही, अशी लेकीला ताकीद होती.

त्याला कारण होतं. बायको, केशरबाई, गेल्यापासून बापलेकाचा फोन 'जेवलात का' आणि 'ठेवतो मग' यातच आटपायचा. जानेवारीत प्रसेनजितनं तुळजापूरच्या वाचनालयाच्या गटात दोघांची नावं घातली. बारा महिने, बारा विषय, महिन्याला एक पुस्तक. तेव्हापासून रविवारचा फोन लांबला. नजर गेल्याचं कळलं तर पोरगा म्हणणार, राहू द्या आता. मग बोलायचं कशावर? आंधळं होण्यापेक्षा पिराजींना याचीच धास्ती जास्त होती.

वाचनालयात प्रत एकच असायची. ती आधी गावी, तामलवाडीत पिराजींकडे वाचून व्हायची, मग पुण्याच्या एसटीत कंडक्टर शंभुलिंगच्या हाती जायची. प्रसेनजित स्टँडवर ती घ्यायचा आणि काही दिवसांनी त्याच गाडीनं परत धाडायचा. घरात येईल त्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घालून पेटीत ठेवायची पिराजींची जुनी खोड. लेकीची अभ्यासाची पुस्तकंही त्यातून सुटायची नाहीत. पार्सलला सुतळी बांधायची ती केशरबाईच्या रीतीनं, दुहेरी पीळ देऊन टोक आत खोचलेली. सरकीच्या पोत्यांना ती अशीच गाठ मारायची.

परत आलेल्या पार्सलावरही हुबेहूब तीच गाठ असायची. पिराजी ती बोटांनी चाचपायचे आणि त्यांचा ऊर भरून यायचा. "बघ. पुण्यात ऱ्हाऊन बी पोरगं आईची गाठ इसरलं न्हाय."

"मला बी येती की ती गाठ," श्रावस्ती म्हणायची. ते पिराजी कानाआड करायचे.

एकदा तिनं विचारलंच, "आबा, दादा पुस्तकातल्या एकाही माणसाचं नाव घेत न्हाय. ध्यानात आलंय का तुमच्या?"

"नावं तुमच्यासारख्या परीक्षावाल्यांना लागत्यात," पिराजी फटकन म्हणाले. "मुरलेला वाचणारा नावात अडकत न्हाय."

श्रावस्ती तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करत होती. तिनं पुढचं पान वाचायला घेतलं.

बारावा विषय होता घरातलं माणूस. स्वतः लिहिलेलं पुस्तकही चालणार होतं. पिराजींनी केशरबाईचं आयुष्य सांगायला घेतलं आणि श्रावस्तीनं लिहायला. लोकांच्या रानात खुरपून तिनं नवऱ्याचं डी.एड. पुरं केलं, मग पोरांची शिक्षणं केली. शेवटच्या प्रकरणात ती दवाखान्यात दाराकडे बघत लेकाची वाट पाहते आणि लेक पोचतो तेव्हा उशीर झालेला असतो. तिथं पिराजींनी तिला थांबवलं.

"त्याला दोष येईल असं लिहू नको. गाडीच मिळाली न्हाय, असं लिही."

"सुट्टी मिळत होती, आबा. त्यानंच घेतली न्हाय."

"मी सांगतो ते लिही."

तिनं लिहिलं. पिराजींचं समाधान होईना. खोडून, पुन्हा लिहून, पुन्हा वाचून दाखवून ते प्रकरण तिच्या जिभेवर बसलं. मग तुळजापूरच्या बाइंडर बलभीमनं ते पुस्तक पुठ्ठ्यात छान बांधून दिलं.

धाडायच्या दिवशी श्रावस्ती अभ्यासिकेत गेली होती. गाडी चुकायला नको म्हणून पिराजींनी पेटीतून पुस्तक काढून एकट्यानंच पार्सल बांधलं आणि काठी टेकत फाट्यावर नेऊन दिलं. श्रावस्ती घरी आली आणि तिची चिडचिड सुरू झाली. परीक्षा तोंडावर आणि तिची निम्मी पुस्तकं जागेवर सापडत नव्हती. शेवटी तिनं मैत्रिणीची मागून आणली.

रविवारी फोन आला. पिराजींनी तो पहिल्या घंटेलाच उचलला.

"वाचलं, आबा," प्रसेनजितचा आवाज जड झाला होता. "दोनदा वाचलं. शेवटच्या प्रकरणाला तर रडू आवरलं न्हाय. पान भिजलं बघा."

"तुला दोष न्हाय दिला बाळा त्यात."

"व्हय. वाचताना ते जाणवलं. आईला न्याय दिलात तुम्ही. पार्सल लावून दिलंय आजच्या गाडीला."

फोन ठेवून पिराजी लहान पोरासारखे रडले. आपण उगाच त्या पोरावर मनात राग धरला, असं त्यांना वाटलं. वर्ष सार्थकी लागलं, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी श्रावस्तीनं फाट्यावरून पार्सल आणलं. पिराजींनी गाठ चाचपली. दुहेरी पीळ, टोक आत खोचलेलं.

"सोड," ते म्हणाले. "भिजलेलं पान काढ. माझं बोट ठेव त्याच्यावर."

श्रावस्तीनं सुतळी सोडली. पुस्तक उघडलं. पानं उलटून बघितली, कव्हर सारून बघितलं.

"काय गं?"

"काय न्हाय, आबा." तिनं त्यांचं बोट धरून एका पानावर टेकवलं. "हितं."

"रडलं गं पोरगं माझं," पिराजी त्या पानावरून बोट फिरवत म्हणाले. "वाच आता. तेवढं प्रकरण वाच."

हरवलेलं आपलं भूगोलाचं पुस्तक मांडीवर उघडं धरून श्रावस्ती आईचं शेवटचं प्रकरण तोंडपाठ म्हणू लागली.