ताईचे हात

हेअर ड्रायरची गरम हवा टॅबलेटच्या काचेच्या कडेवरून फिरत होती. तेवढ्यात आईने मुलीच्या खांद्यावर पुन्हा टिचकी मारली. दहा मिनिटांतली ही पाचवी.

"झालं का?" आईच्या हातांनी विचारलं.

"अगं, काच तरी उघडू दे!" मुलीने ड्रायर काखेत धरला आणि हातांनीच उत्तर दिलं.

आईला ऐकू येत नव्हतं. तिच्या धाकट्या बहिणीलाही नाही. दोघी जन्मभर हातांनीच बोलत आल्या होत्या. राहायला दोन गावांत, पण रोज पाचच्या ठोक्याला टॅबलेटवर समोरासमोर बसायच्या. बसायच्या दोघी, बोलायची मात्र ताई, म्हणजे आईच. लहानपणी धाकटी मध्येच काही सांगू लागली की ताई सरळ तिचे दोन्ही हात धरून ठेवायची. बोलती बंद! साठी उलटली तरी मावशीची ती सवय गेली नव्हती. ताईचे हात वर आले की तिचे आपोआप मांडीवर यायचे.

बुधवारी मावशीने एका दमात सांगून टाकलं होतं. "बेकरीवाल्याने लग्नाचं विचारलंय. रविवारी संध्याकाळी त्याला उत्तर द्यायचंय. तू सांगशील तसं."

आईने 'नाही' म्हणायला हात असा काही झटकला, की ते 'नाही' पुरतं व्हायच्या आत टॅबलेट जमिनीवर. काच वाचली, पुढचा कॅमेरा गेला. मागचा असाच एका वादात पूर्वीच कामी आला होता. आता मावशी इकडे दिसायची, पण तिकडे मावशीपुढे नुसता काळोख.

मुलीने आपला फोन देऊ केला. आईने तो हातभर लांब धरून पाहिला आणि परत दिला. "एवढ्याशा काचेत भांडता येत नाही."

"मग लिहून कळव."

"लग्नाला 'नाही' लिहून? मी काय तिला नोटीस धाडतेय?"

शेवटी मुलीने नवा कॅमेरा मागवला. ती कवळ्या बनवण्याचं काम करायची. दातांच्या बारीकसारीक कामाला सरावलेले हात, चिमटे घरातच. कॅमेरा शनिवारी आला, मुगाच्या दाण्याएवढा. रविवारी दुपारी जेवणं उरकताच तिने टेबल पुसून घेतलं.

गोंद मऊ होऊन काच सुटली. निघालेला प्रत्येक स्क्रू तिने कागदावर निघाला त्याच क्रमाने मांडला. बॅटरीची तार आधी सोडवली. जुन्या कॅमेऱ्याची चपटी पट्टी नखाने हळूच उचलली. हात सराईत होते, मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. मावशी तिची लाडकी. आयुष्यात पहिल्यांदा मावशीला कुणीतरी आवडलं होतं, आणि आपण इथे बसून त्या लग्नावर पाणी फिरवायची सोय करतोय! एक स्क्रू हरवला म्हणून सांगावं, असंही तिच्या मनात येऊन गेलं. पण आईशी खोटं बोलणं म्हणजे पोलिसासमोर पाकीट मारणं. आई कानांची कसर डोळ्यांनी भरून काढायची.

गंमत म्हणजे मावशी रोज पाचला फोन करतच होती. समोर काळोख असूनही बोलत होती. गुरुवारी आई पडद्यापुढे टेबलावर हात आपटत बसली होती. शुक्रवारी स्वयंपाकघरातून मुलीला ओझरतं दिसलं, मावशी बेकरीवाल्याची नक्कल करत होती. त्याला ऐकू येतं, पण तिच्याशी बोलता यावं म्हणून तो वर्षभर हातांची भाषा शिकत होता. त्याचं 'उद्या या' अजून माश्या हाकलल्यासारखं व्हायचं. मावशी सांगताना हसून हसून लाल झाली होती. काल तर दीड तास चाललं. आईची पाठच दिसत होती. नुसती पाठ पाहून काय कळणार? मुलगी धरून चालली, की आई 'नाही'ला धार लावतेय.

नवी पट्टी खाचेत टक्कन बसली. स्क्रू ओळीने परत गेले. काच दाबून तिने वर दोन रबरबँड चढवले. पाचला दोन मिनिटं कमी होती.

पाच वाजता पडदा उजळला. मावशी छान इस्त्रीची साडी नेसून बसली होती. काही सांगायला तिचे हात हवेत उठलेलेच होते. तेवढ्यात तिला आई दिसली.

"ताई! दिसलीस!"

एवढं म्हटलं आणि तिचे हात मुकाट्याने मांडीवर गेले. चेहऱ्यावरचं हसू अर्धं उरलं. ती वाट पाहत राहिली.

आईने हात उचलले. मुलीने डोळे मिटून घेतले. मग राहवेना म्हणून उघडले.

आईने दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली सारले होते आणि ती त्यांच्यावर ठाण मांडून बसली होती.

मावशी गोंधळली. मुलगीही. कॅमेरा नीट बसला नाही की काय? तिने वाकून पाहिलं. पडद्याच्या कोपऱ्यात आई स्वच्छ दिसत होती, अगदी कपाळावरच्या आठीसकट.

"आई, चालतोय कॅमेरा," मुलीने खुणावलं. "बोल की!"

आईने एक हात ओढून बाहेर काढला.

"लुडबुड करू नकोस. आज ती सांगणार आहे."

आणि तो हात पुन्हा मांडीखाली गेला.