फाळक्याचा भोंगा

डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, आता नागपूरला नेऊनही उपयोग नाही. भंडाऱ्याच्या दवाखान्यातल्या बाकावर बाबुलाल आणि त्याचा मुलगा धम्मदीप बसून राहिले. आत धम्मदीपची आई मंगलाबाई होती. काल सकाळी करडी गावच्या बारा बाया पिकअपमध्ये मागे बसून धानाच्या रोवण्याला मजुरीवर निघाल्या होत्या. वळणावर मागचा फाळका उघडला आणि कडेला बसलेली मंगलाबाई रस्त्यावर डोक्यावर पडली.

धम्मदीप पुण्याहून आला होता. गाड्यांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत तो नोकरीला. गावात त्याचं कोण कौतुक.

"तुया गाडीचं दार जराकसं उघडं राहिलं तं ते लागते बोंबलाले," बाबुलाल म्हणाला. "पिकअप काहून नाही बोंबलली?"

धम्मदीपने सांगून टाकलं. कंपनी दर गाडीसाठी नवा प्रोग्राम लिहीत नाही. सगळ्या गाड्यांत एकच असतो. कुठल्या गाडीत काय चालू आणि काय बंद, तेवढं एका यादीत ठरवतात. फाळका उघडल्याचा भोंगा त्या पिकअपमध्येही होता, पण बंद. लांब बांबू लादले की फाळका उघडाच राहतो, मग भोंगा उगाच वाजत बसतो. मागे माणसं बसत असतील तरच तो चालू ठेवायचा, असं ठरलं होतं.

"मंग बंद कोनं केला?"

उत्तराची वाट न बघता बाबुलालनेच त्या अनोळखी माणसाची बाजू घेतली. जन्मभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबूनही या भल्या माणसाला कुणाला धड शिवी देता आली नाही.

"शहरातला असन बिचारा. आपल्या बाया मांगं बसून जातेत, त्याले काय मालूम? आपल्यातला असता तं त्यानं बंद नसता केला."

"करडीचाच होता, बाबा."

बाबुलाल त्याच्याकडे वळला.

"मीटिंगमध्ये साहेबानं मलेच विचारलं, गावाकडं मांगं मानसं बसतेत का म्हून. मी नाही म्हनलो."

"काहून?"

धम्मदीपला रडूही येईना.

"समोर सारे मोठ्या घरचे बसून होते," तो म्हणाला. "हो म्हनलो असतो, तं त्याईनं विचारलं असतं, तुले कसं मालूम?"