आमेनच्या आधी

प्रार्थनेसाठी आपसूक जुळू लागलेले हात पाळकसाहेबांनी टेबलाखाली ओढले. समोरचा गप्प झाला तर थांबा, त्याचं त्याला बोलू द्या, असं समुपदेशनाच्या शिबिरात शिकवलं होतं. पुढच्या आठवड्यात हेच ते चर्चचा कारभार पाहणाऱ्या, मंडळीच्या पंचांना शिकवणार होते.

पंच रणभिसेंच्या पत्नी, एस्तेरबाई, पदराचं टोक पिळत बसल्या होत्या. पाळकसाहेबांचा पाय थांबता थांबेना. ओठांवर आलेलं बायबलचं वचन त्यांनी कसंबसं गिळलं.

"आणखी काही सांगायचंय?"

बऱ्याच वेळानं एस्तेरबाईंनी मान वर केली. "हे मारतात मला."

पाळकसाहेब हबकलेच. "अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

"आले होते की नाताळात. कसं सांगावं म्हणून जरा थांबले, तेवढ्यात तुम्ही प्रार्थना सुरू केलीत. मग आमेन म्हटलं आणि घरी गेले."