लोखंड्याचे पाय

सिंधुनं लोखंड्याचं पत्र्याचं डोकं उतरवलं आणि ओढणीनं मान पुसली. शेजारी उभ्या साहेबराव पाटलांनी सहज विचारलं, "गाव कोणतं बाई तुमचं?"

"देवणी. भीमनगर. मी सिंधु कांबळे."

साहेबरावांनी चहाचा कप वेशीच्या कट्ट्यावर ठेवला. तो त्यांनी पुन्हा उचलला नाही.

गावात मालिकेच्या पोळा विशेष भागाचं शूटिंग होतं. 'तालुका मंगळ, जिल्हा उदगीर' नऊ वर्षं केबलवर चालू होती. खरा उदगीर जिल्हा व्हायचा तेव्हा होईल, मालिकेत तो पहिल्याच भागात झाला होता आणि मंगळ त्याचा तालुका होता. त्या तालुक्यात तेलाच्या डब्यांचा एक यंत्रमानव होता, लोखंड्या. कुणी काहीही काम सांगितलं की तो म्हणायचा, "हुकूम नामंजूर." एवढ्यावर अख्खी पंचक्रोशी हसायची. पत्र्याच्या आत कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण नामावलीत 'लोखंड्या : स्वतः' एवढंच यायचं.

पावसानं पाठ फिरवलेली. गावची सगळी जनावरं चारा छावणीत, त्यात साहेबरावांची मानाची देवणी बैलजोडीही. वेशीतलं तोरण यंदा तोडणार कोण, म्हणून गाव हिरमुसलं होतं. तेव्हा सकाळी साहेबराव स्वतःच म्हणाले होते, "आमच्या जोडीच्या जागी तुमचं यंत्र जाऊ द्या पुढं. यंत्राला कसली जात?" सगळे हसले होते. लोखंड्याला बेगड लावलेली शिंगं बसवली, पाठीवर झूल टाकली.

आता आडनाव कानावर पडलं आणि पाटलांना मान आठवला.

"शिवलिंग," ते दिग्दर्शकाला म्हणाले, "मी यंत्राला हाव म्हणलो होतो. तोरणाचा पहिला मान घरचा असतोय. आत आमच्या व्यंकटला घाला."

शिवलिंगनं मान खाली घातली. वेस पाटलांची, दुपारचं जेवणही पाटलांचंच. तो सिंधुजवळ आला. "एवढा एकच शॉट हाय, सिंधु. समजून घे. डोकं घातल्यावर आत कोण हाय, कुणाला कळतंय?"

"कळत न्हाई ना? मग मी असल्यानं काय बिघडलं?"

पाटलांचा पुतण्या व्यंकट हात पुढं करून उभा होता. सिंधुनं एकदा त्या हाताकडं पाहिलं आणि डोकं स्वतःवरच चढवलं.

"डोकं दे इकडं," साहेबराव म्हणाले.

आतून पत्र्याचा आवाज आला. "हुकूम नामंजूर."

गाव खदखदून हसलं. भिंतीवर बसलेली पोरं ओरडू लागली, नामंजूर, नामंजूर. साहेबरावांना रागवायचं होतं, पण रागवायचं तर कारण सांगावं लागणार, तेही सगळ्यांदेखत. आणि कॅमेरामन पंचाक्षरीनं कॅमेरा केव्हाच चालू केला होता. त्याला तसं कुणी सांगितलं नव्हतं.

लोखंड्या निघाला. नेहमीसारखा डावा पाय ओढत, खडखडत, सावकाश. हलगी कडाडली. उजवं शिंग तोरणात अडकलं, त्यानं मानेला हिसका दिला आणि आंब्याची पानं त्याच्या पाठीवर पडली. तोरण तुटलं.

वेशीच्या आत साहेबरावांची आई धुरपताबाई ताट घेऊन उभी होती. ताटात कुंकू आणि पुरणपोळी, हातात तांब्या. तोरण तोडणाऱ्याचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, घास द्यायचा, ही तिच्या घरची रीत. टँकरच्या पाण्यातून तिनं तेवढा तांब्या राखून ठेवला होता. घरच्या चहातसुद्धा तिनं त्यातला थेंब जाऊ दिला नव्हता. मघाचं बोलणं तिच्या कानावर आलं नव्हतं. तिच्या लेखी हा फक्त टीव्हीतला लोखंड्या होता, आणि तो तिचा फार लाडका होता.

"ये रे बाबा," ती म्हणाली. "लई हसवतोस."

साहेबराव घाईनं पुढं आले. "आई, पायाच्या डब्यावरच वत अन् मोकळी हो."

म्हातारीनं तांब्या कलता केला. लोखंड्यानं हात आडवा धरला. मग तो धुळीत खाली बसला, झूल सावरली, शिंगांसकट डोकं काढून बाजूला ठेवलं. पत्र्यातून बाई निघालेली पाहून धुरपताबाईनं तांब्या सरळ केला. हलगी थांबली.

सिंधुनं पायातल्या डब्यांच्या तारा सोडवल्या. एक डबा काढला, मग दुसरा. दोन्ही पाय घामानं भिजले होते, पत्र्यानं घोट्याला लाल वळ उठले होते. तिनं ते म्हातारीपुढं धरले.

"मी सिंधु कांबळे, आजी. भीमनगरची. तोरण मी तोडलं. पाय हे हायेत."

धुरपताबाईनं लेकाकडं पाहिलं. लेक तुटलेल्या तोरणाकडं पाहत होता.

सिंधुनं पाय मागं घेतले नाहीत.

"पाणी थोडंच हाय, आजी," ती म्हणाली. "सांडू नका. नीट वता."