बोळका कंगवा

"मावशींसाठी आपण दर रविवारी प्रार्थना करतो, पण त्यांना भेटायला गेलंय कोण?" मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिने भर चर्चमध्ये विचारलं. एकेकाळी ऑर्गन वाजवणाऱ्या मावशी मागच्याच गल्लीत अंथरुणाला खिळल्या होत्या. पैज जिंकल्याच्या तोऱ्यात ती तिकडे गेली. दारातच तोरा उतरला. उशाशी शुभेच्छापत्रांचा ढीग होता अन् मावशींच्या केसांच्या जटा झालेल्या. "आलीच आहेस तर विंचरून दे गं," मावशी पुटपुटल्या. कंगव्याचे दात मोडले, तरी गुंता अर्धाच सुटला. घरी येऊन तिने तो बोळका कंगवा टेबलावर ठेवला. "उद्यापासून शाळा सुटली की मी मावशींकडे जाणार." दर प्रार्थनेत मावशींचं नाव घेणाऱ्या आईने नजर चुकवली. बाबा म्हणाले, "बाळा, डॉक्टरांनीही हात टेकलेत. त्या आता उठायच्या नाहीत." "माहितीये. दुसरा कंगवा द्या."